उजेडाची खुर्ची

४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, रोज लिहा. हाताला काय लागलं, काय खाल्लं, फोड कधी आला. म्हणून ही वही. शाळा सुटल्यापासून मी सलग एवढं कधी लिहिलेलं नाही.

फोड दोन्ही हातांच्या पाठीवर येतात. तळव्यावर एकही नाही. पाण्याचे, टपोरे. फुटले की कातडी ओल्या कागदासारखी सुटते. खपली पडल्यावर खाली पांढुरका डाग राहतो आणि डागात खसखशीएवढे दाणे. खुर्चीच्या दांड्याला नुसतं घासलं तरी साल निघते.

आमचं सलून आहे. वडिलांनी, अप्पांनी, काढलेलं. खुर्च्या दोन, एक माझी, एक धाकट्या भावाची. त्याला घरात आणि दुकानात सगळे बारक्या म्हणतात. आता त्याचे केस कानांवर पिकले तरी बारक्याच.

आज हाताला लागलेलं: साबण, पाणी, तुरटी, जंतुनाशक, केसांचा काळा रंग, पावडर, माणसं.

५ फेब्रुवारी

कालचंच सगळं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी नवा फोड.

७ फेब्रुवारी

आज दुकान बंद. बंदच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं शटर अर्धं खाली ओढून एकमेकांची दाढी करतो. वडील होते तेव्हा तिघं करायचो. गिऱ्हाईकाला दरवेळी नवं पातं, ते त्याच्या डोळ्यांदेखत वेष्टनातून काढायचं, हा वडिलांचाच नियम. पण आपल्या माणसाला पातं लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्याला त्यांचा स्वतःचा वस्तरा, चामड्याच्या पट्ट्यावर घोळवलेला. "पातं परक्याला," ते म्हणायचे. वस्तरा अजून तोच आहे. मुठीचा रंग उडालाय, धार तशीच.

बारक्याच्या गालावर वस्तरा फिरवताना माझ्या बोटाची साल निघाली. थेंबभर रक्त त्याच्या हनुवटीवर ओघळलं. तिथंच त्याला जरासं कापलंही होतं. त्यानं टॉवेलनं दोन्ही एकदमच पुसलं.

"गिऱ्हाईक असतो तर परत आलो नसतो," म्हणाला.

"गिऱ्हाईक असतास तर मी इतका वेळ लावला नसता."

मग त्यानं माझी केली. डोळ्यांच्या खाली, गालाच्या हाडावर वस्तरा नेला.

"एवढं वर काय करतोस?"

"केस आहेत दादा."

"तिथं कुठले आले?"

"वय झालं की येतात कुठंही." आणि हळूच साफ केले.

त्याचा हात हलका आहे. माझ्यापेक्षा हलका. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

मलमानं फरक नाही. ही म्हणते, तुमच्या अंगात रक्तच नाही, चेहरा कसा काळवंडलाय बघा. लोहाचं टॉनिक आणलंय. जेवणानंतर दोन चमचे. तोंडात खिळा धरल्यासारखी चव.

शेजारचे घड्याळवाले दाढीला आले होते. त्यांनी आरशात माझे हात बघितले. "भट्टीवर काम धरलंस की काय?" बारक्या त्याच्या खुर्चीमागून म्हणाला, "घरी भांडी घासतोय. वहिनींनी कामाला लावलाय." दुकान हसलं. मीही हसलो.

पण नंतर मनात हिशेब जुळू लागला. फोड सुरू झाले गेल्या वर्षाच्या मध्यात. केसांचा नवा रंग दुकानात आला तोही तेव्हाच. तो बारक्यानं आणला. जुना रंग चांगला होता. जंतुनाशकही त्यानंच बदललं. भिंत फोडून मोठी काच लावली तीही त्याच सुमाराला, त्याच्याच डोक्यातून. वडिलांच्या वेळी पुढच्या बाजूला टीचभर खिडकी होती. तो म्हणाला, उजेडाशिवाय कापायचं म्हणजे अंदाजपंचे. काच बसल्यावर काचेजवळची खुर्ची कुणाची, हा प्रश्न आला. मी थोरला, मी घेतली. "घे," तो म्हणाला, "म्हाताऱ्याला उजेड लागतोच."

उजेडाची खुर्ची छान आहे. दुपारभर ऊन हातावर असतं. प्रत्येक केस वेगळा दिसतो.

१५ फेब्रुवारी

वडिलांच्या काळापासूनचं एक गिऱ्हाईक आहे, बँकेतून निवृत्त झालेलं. आज माझी खुर्ची रिकामी असून बाकावर बसून राहिलं. मी कपडा झटकला, म्हटलं, या. त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हटलं, "असू दे. याच्याकडे बसतो." बारक्यापुढे दोघं होते. ते दोघांसाठीही थांबले.

त्यांचा दोष नाही. मीही अशा हातांखाली मान दिली नसती.

१६ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहितो. डॉक्टरांनी यातलं काही विचारलेलं नाही.

सकाळी रंगाची वाटी कालवताना डाव्या हाताची साल निघाली आणि रंग आत झोंबला. डोळ्यांतून पाणी आलं. बारक्या म्हणाला, "हातमोजे घाल म्हणून किती वेळा सांगितलं." एवढंच म्हणाला. त्याचा सूरही वाकडा नव्हता.

मी वाटी मोरीत आपटली. म्हटलं, तुझ्या या स्वस्तातल्या रंगानं माझे हात जाळलेत. म्हटलं, तुला हेच हवं होतं. दादाचे हात गेले की खुर्ची तुझी, काच तुझी, गिऱ्हाईक तर तू आधीच ओढलंयस. दुकानात तिघं बसलेले. एकाच्या गालाला फेस.

बारक्यानं आधी त्या फेसवाल्याची दाढी पुरी केली. घाई केली नाही. तोंड पुसलं, तुरटी लावली. मग अंगातला कोट काढून खिळ्याला अडकवला.

"दादा, तोच रंग माझ्याही हाताला लागतो," म्हणाला, आणि हात पुढे केले. हात स्वच्छ होते. मनगटांच्या आतल्या बाजूला तेवढे जांभळट चपटे ठिपके, खाजवून खाजवून चकाकणारे.

"हे काय मग?" मी म्हटलं. "हे कशानं?"

"हे वेगळं आहे. हे खाजतं नुसतं."

"म्हणजे रंगच."

त्यानं मग आपल्या कात्र्या फडक्यात गुंडाळल्या आणि गेला.

घरी हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "जीभ आवरली असती तर काही झिजली नसती."

२४ फेब्रुवारी

तो आलेला नाही. वस्तीच्या पलीकडच्या टोकाला, एका लाँड्रीच्या बाजूच्या गाळ्यात त्यानं खुर्ची टाकली म्हणे. घड्याळवाल्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

रंग फेकून दिला. जंतुनाशक जुनं आणलं. गेले काही दिवस हाताला साबण, पाणी आणि ते जुनं जंतुनाशक याखेरीज काही नाही. आज उजव्या हातावर दोन नवे फोड.

जुना रंग अंगात मुरलेला असणार. तो निघायला वेळ लागेल. असं मी मनाशी म्हटलं. लिहिल्यावर ते तितकंसं खरं दिसत नाही.

२८ फेब्रुवारी

बंदचा दिवस. दाढी स्वतःच केली, आरशात बघून, वस्तऱ्यानंच. गालाच्या हाडावरचे केस खरंच वाढलेत. मऊ, काळे, भुवईच्या टोकापासून कानापर्यंत. मी रोज दुसऱ्यांचे चेहरे बोटाखाली घेणारा माणूस. मला ते दिसले नाहीत. त्याला दिसले, आणि त्यानं ते वयावर ढकलून काढून टाकले.

३ मार्च

आमच्या डॉक्टरांनी हात टेकले. कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तरुण आहेत. हात बघितले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. मग विचारलं, लघवीचा रंग कसा असतो?

मी म्हटलं, गडद, चहासारखा. उन्हाळा असेल म्हणून लक्ष दिलं नाही.

काम उन्हात असतं का? म्हटलं, नाही, सावलीत, दुकानात. पण खुर्ची काचेजवळ. त्यांनी मान हलवली. दारू? कधीमधी. टॉनिक वगैरे? लोहाचं. ते आजपासून बंद, म्हणाल्या. हिनं बाहेर आल्यावर विचारलं, "माझ्या टॉनिकनं वाढलं का हो?" मी म्हटलं, नाही. खरं तर बाई म्हणाल्या होत्या, थोडं वाढलं असेल.

रक्त आणि लघवी तपासायला दिली.

९ मार्च

रोग हातात नाही. यकृतात आहे. तिथं एक विषाणू आहे आणि तो बऱ्याच वर्षांपासून आहे. त्याच्यामुळे शरीरात एक रसायन साठतं, ते कातडीपर्यंत येतं आणि उजेड लागला की कातडी जाळतं. म्हणून हाताची पाठ, म्हणून तळवा नाही. काचेतून येणारा उजेडही पुरतो. गालावरचे केस त्यानंच, काळवंडणंही त्यानंच.

"मग रंग?" मी विचारलं.

"कसला रंग?"

"केसांचा."

"त्याचा काही संबंध नाही."

मी पुन्हा विचारलं. थोडासाही? त्या म्हणाल्या, नाही.

बरा होतो, म्हणाल्या. आता चांगल्या गोळ्या आहेत, यकृताचे डॉक्टर देतील. मग विचारलं, हा रक्तातून पसरतो. कधी रक्त चढवलं होतं, जुन्या सुया, गोंदण? मला आठवलं नाही. लहानपणी तापात एक कंपाउंडर घरी येऊन टोचायचा, सगळ्या आळीला एकाच सुईनं. त्यानंही आलेला असेल, नसेलही.

"तुम्ही सलून चालवता. वस्तऱ्याचं काय?"

मी म्हटलं, "आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं पातं."

हे खरं आहे. त्यांनी लिहून घेतलं.

१० मार्च

खरं आहे, पण विचारलेल्याचं उत्तर नव्हे.

वस्तरा कधी उकळला नाही. वडील म्हणत, उकळत्या पाण्यानं धार जाते. फडक्यानं पुसायचा, पट्ट्यावर घोळवायचा, पुढच्याच्या गालाला लावायचा. वडील शेवटी पोट फुगून गेले. आम्ही म्हटलं, म्हातारपण. त्यांना कधी कुणी तपासलं नाही. आता कोण कुणाकडून हे सांगता येणार नाही. पण गेली सगळी वर्षं माझ्यानंतर बारक्या आणि बारक्यानंतर मी. परक्यांना आम्ही जपलं.

आणि त्या दिवशीचं हनुवटीवरचं रक्त.

१४ मार्च

हिची तपासणी झाली. तिला काही नाही. मी इतका वेळ खुर्चीवर बसून राहिलो की तपासणीच्या खोलीतल्या माणसानं पाणी आणून दिलं.

येताना रस्त्यात ही म्हणाली, "भावजींना सांगितलंत?"

"सांगेन."

"कधी?"

"काच झाकून घेतो आधी. मग."

"काच कुठं पळून चालली नाही."

काचेला जाड पडदा लावला. दुकान पुन्हा वडिलांच्या वेळेसारखं झालं. घड्याळवाले म्हणाले, "आता कान कापलास तर दिवा लावून शोधावा लागेल." त्यांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस की रे." मी म्हटलं, हो. "मग जा आणि फासावरून उतरव त्याला. माझ्याकडे काय बघतोस?"

१५ मार्च

गेलो नाही. गिऱ्हाईक होतं.

१८ मार्च

गेलो नाही. खरं कारण हे की, आजार सांगायला गेलं तर आधी माफी मागावी लागेल. आणि मी त्याची माफी आजवर कधी मागितलेली नाही. लहानपणी त्याची पतंगाची फिरकी विहिरीत टाकली तेव्हाही नाही. थोरल्याला ते शिकवत नाहीत.

एकेक दिवस जातोय तो त्याच्या अंगावर जातोय, हे कळतं. कळून मी दुकानात जाऊन पट्टा पुसत बसतो.

२१ मार्च

फोन केला. धाकटीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं घेतला. "ते कामात आहेत, दादा." आवाज नेहमीसारखा नव्हता, पण तिनं फोन ठेवलाही नाही.

मी म्हटलं, तब्येत बरी ना त्याची?

"कसली बरी. दोन घास धड जात नाहीत. तिखट म्हटलं की तोंड धरतात. गालाच्या आतून पांढरी जाळी आल्यासारखं झालंय. मनगटं तर झोपेतसुद्धा ओरबाडतात. मी म्हटलं, तुमचा राग बाहेर पडत नाही म्हणून असा फुटतोय."

माझं बोलणं त्यानं इतकं मनाला लावून घेतलं असेल असं वाटलं नव्हतं.

मी काही सांगितलं नाही. बाईमाणसाला फोनवर काय सांगायचं, असं स्वतःला सांगितलं. हिनं ते ऐकून ताट माझ्यासमोर नेहमीपेक्षा जोरात ठेवलं.

२६ मार्च

आज गेलो.

गाळा अरुंद आहे. बाजूच्या लाँड्रीची वाफ भिंतीतून आत येते. एक खुर्ची, एक आरसा, बाकावर दोघं. बारक्यानं मला दारात पाहिलं आणि पुन्हा हातातल्या डोक्याकडे पाहिलं. मी बाकावर तिसरा बसलो. कुणी पुढे जा म्हणालं नाही, मीही गेलो नाही. माझी पाळी आली तेव्हा दुकानात आम्हीच होतो.

"दाढी?" त्यानं विचारलं.

"हो."

त्यानं रबरी हातमोजे घातले. वेष्टनातून नवं पातं काढलं, माझ्या डोळ्यांसमोर धरलं, मग लावलं. वडिलांनी शिकवल्याप्रमाणे, परक्याला दाखवतात तसं. फेस केला. मी आरशात त्याच्याकडे बघत होतो, तो माझ्या गालाकडे.

"रंगाचं नव्हतं ते," मी म्हटलं.

"हलू नको."

"यकृताचं आहे. विषाणू आहे. रक्तातून जातो."

तो थांबला नाही. गालाच्या हाडापर्यंत गेला, तिथले केस काढले. पातं धुतलं. दुसरा गाल.

"मग मला कशाला सांगतोस?" अखेर म्हणाला.

"वस्तरा एकच होता ना आपला."

आता थांबला. फेस माझ्या मानेवर वाळायला लागला. बाहेर कुणीतरी लाँड्रीवाल्याशी शर्टाच्या गुंडीवरून भांडत होतं. 

"अप्पांचा," तो म्हणाला.

"तू रक्त तपासून घे. आज घे, उद्या घे, पण घे. बरं होतं ते. माझं ऐक."

"तुझं ऐकूनच इथं आलोय."

 मी म्हटलं, "त्या दिवशी मी..." आणि पुढचं वाक्य आलं नाही. घरून घोकून निघालो होतो. त्यानं माझं तोंड पुसलं, तुरटी लावली. कपडा सोडवला.

"बघतो," म्हणाला.

बाही खाली ओढून त्यानं मनगटाची गुंडी लावली. वाफेनं गाळा नुसता उकडत होता.

३० मार्च

यकृताच्या डॉक्टरांना वस्तऱ्याचं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. वस्तरा फेकायलाच हवा म्हणाले, आणि तोही उघड्यावर नको. नर्सबाईंनी सुयांचा डबा पुढे केला. झाकणाच्या फटीतून मुठीसकट जाईना. त्यांनी पकडीनं मूठ मोडली.

अंगात लोह फार साठलंय. ते कमी करायला अधूनमधून थोडं रक्त काढून टाकतात. गोळ्या तीन महिने, रोज एक.

८ एप्रिल

धाकटीचा हिला निरोप आला. भावजींची तपासणी झाली, काही निघालं नाही.

मी हिला दोनदा विचारलं, असंच म्हणाली का? असंच म्हणाली.

संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं. कुठं जायचं सुचेना. नुसताच चालत राहिलो. परमेश्वरावर माझा फारसा विश्वास नाही, पण कुणाचे तरी आभार मानायचे होते. परतताना घड्याळवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्यापेक्षा नशीब शहाणं निघालं."

एवढ्या वर्षांत एकच वस्तरा, आणि तो सुटला. सुटू शकतो, डॉक्टरही म्हणाले होते, प्रत्येकाला होतंच असं नाही.

आता एकच गोष्ट निस्तरायची राहिली, ती म्हणजे माझं बोलणं.

१९ एप्रिल

फोड कमी. जुने वाळलेत.

बारक्याला निरोप पाठवला, परत ये, उजेडाची खुर्ची तू घे, पडदा काढून टाकू, मी आत बसतो. त्याचं उत्तर आलं, दोन्हीकडे चालू दे. एवढंच.

राग गेला नसणार. मी तरी कुठं विसरलो असतो.

२ मे

आज तो आपणहून घरी आला. हिनं चहा टाकला. त्यानं बशीत ओतून, फुंकून, अगदी गार करून घेतला. पूर्वी आग ओकणारा चहा एका घोटात प्यायचा.

माझी विचारपूस केली, आणि किती बारकाईनं. गोळी जेवणाआधी की नंतर? डोकं दुखतं का? किती दिवसांनी थांबलं? झोप? एखादा दिवस चुकला तर? मी सगळं सांगितलं. माझ्या आजाराची इतकी काळजी तर आमच्या हिनंही कधी केली नाही, असं मी गमतीनं म्हटलं. ही चहाचे कप घेऊन आत गेली.

अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, या उकाड्यात. म्हटलं, अर्ध्या बाह्या घाल की. म्हणाला, "केस टोचतात."

मी म्हटलं, "तू वाचलास, एवढ्यावर माझं सगळं आलं."

"हो," म्हणाला. "मी वाचलो ना. मग आता तो विषय सोड."

मला तेव्हाच माफी मागायची होती. पण त्यानं विषय सोड म्हटलं होतं. निघताना त्यानं माझे हात हातात घेऊन दिव्याखाली उलटसुलट बघितले. लहानपणी मी त्याची नखं कापायला बसायचो, तसे. "भरताहेत," म्हणाला.

२० मे

आज यकृताच्या दवाखान्यात तारीख होती. कामाच्या दिवशी हिला कशाला ताप, म्हणून एकटाच गेलो. बाकांच्या रांगेत बघतो तर बारक्या बसलेला.

मला पाहून दचकला. मग सरकून जागा केली.

"तू इथं?"

"तुझीच वाट बघत होतो. वहिनींनी तारीख सांगितली."

हातातला कागदाचा कपटा त्यानं खिशात टाकला. मी शेजारी बसलो.  गाळा बंद ठेवून, गिऱ्हाईक सोडून, शहराच्या या टोकाला तो माझ्यासाठी येऊन बसला होता, माझ्याही आधी. मी त्याला दुकानातून ज्या शब्दांत काढलं ते शब्द मला एकेक आठवत होते, आणि तो मात्र समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र बघत होता.

माझा नंबर सतरा होता. नर्सबाईंनी दारातून सोळा पुकारला. कुणी उठलं नाही. "सोळा नंबर कोण?" त्यांनी पुन्हा विचारलं आणि आमच्या बाकाकडे पाहिलं. काही बोलणार होत्या. बारक्यानं किंचित मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे.

मी म्हटलं, "कंटाळून गेला असेल बिचारा."

"गेला असेल," तो म्हणाला.

मग सतरा पुकारला.

आत डॉक्टर खूश होते. विषाणू रक्तात सापडत नाही. गोळ्या पुऱ्या करायच्या, काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. बाहेर येऊन बारक्याला सांगितलं तर त्याचे डोळे भरून आले. त्याला असा मी वडील गेले तेव्हाही पाहिला नव्हता. "खरंच जातो म्हणजे," म्हणाला. "खरंच जातो." मी म्हटलं, अरे, जातो म्हणजे काय, गेला.

"तू हो पुढे," म्हणाला. "मी पाणी पिऊन येतो."

मी फाटकाशी सावलीत थांबलो. बराच वेळ थांबलो. ऊन सरकत पायाशी आलं तसा भिंतीकडे सरकत गेलो. आला तेव्हा डावा कोपर दुमडून पोटाशी धरला होता.

"पाण्याला एवढा वेळ?"

"रांग होती."

उन्हासाठी मी छत्री वापरतो. ती त्यानं माझ्या हातातून घेतली आणि बसथांब्यापर्यंत माझ्यावर धरली. त्याचं अर्धं अंग उन्हात होतं. चालता चालता मी म्हटलं, "बारक्या, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं माझं. फार चुकलं." निघालं एकदाचं तोंडातून. तो म्हणाला, "रंग स्वस्तातलाच होता दादा." आणि दोघांनाही हसू आलं.

तरीही परत येत नाही म्हणाला. आणखी काही महिने तरी नाही. मी कारण विचारलं नाही. एका माफीत सगळं फिटावं अशी माझी अपेक्षा नाही.

घरी आलो. हिला सगळं सांगितलं, विषाणू गेल्याचं, बारक्या आल्याचं. ही देवासमोर उभी राहिली, मग येऊन बसली. मी म्हटलं, "तू त्याला आजची तारीख सांगितलीस, फार बरं केलंस."

"मी?" ती म्हणाली.

मग उठून पाण्याचा तांब्या भरला, माझ्यासमोर ठेवला, आणि पदर सारखा करत म्हणाली, "हो. मीच सांगितली."